नऊ नंबरची शाल

माझी आत्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. ती कॅथलिक सिस्टर होती आणि चंदीगडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये तिने अडतीस वर्षं कपडे धुतले. हे इतकं सरळ मी मुद्दाम लिहिते आहे. तिच्या अंत्यविधीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर तिच्या मूक सेवेबद्दल बराच वेळ बोलले आणि त्यात कपडे हा शब्द एकदाही आला नाही. शिवाय ती मूक नव्हती. लाँड्रीत तिच्याशेजारी दहा मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही हे माहीत असतं. फादर तिथे कधी उभे राहिले नव्हते. त्यांचे झगे मात्र तिथेच धुतले जात.

सिस्टर वारली की घरच्यांच्या हाती काही येत नाही. तिने गरिबीचं व्रत घेतलेलं असतं, त्यामुळे अंगावरचे कपडेसुद्धा सिस्टरांच्या संघाचे. आई नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दोन गाड्या बदलून आली होती. तिने दबकत दबकत नणंदेचा चष्मा मागितला. एक सिस्टर फार गोड आवाजात म्हणाली की चष्मा नेत्रशिबिराला देऊन टाकला. आत्याला जाऊन तेव्हा पुरते दोन दिवसही झाले नव्हते. व्रत पाळण्यात ही माणसं किती तत्पर असतात ते अशा वेळी कळतं. आम्हाला एक छापील कार्ड मिळालं. एका बाजूला प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून. त्यात आत्या चोरी करताना पकडल्यासारखी दिसते.

उरतं ते एक पान. या संघाच्या प्रत्येक घरात एक जाड बांधीव वही असते आणि त्या घरात वारलेल्या प्रत्येक सिस्टरला तीत एक पान मिळतं. दर वर्षी तिच्या मृत्यूच्या तारखेला संध्याकाळच्या जेवणात सगळ्या गप्प बसून जेवतात आणि एक जण ते पान मोठ्याने वाचते. वाचून झालं की घंटी वाजते, मग बोलायला मोकळीक. घर आहे तोवर हे चालतं. आत्याने मला या पानांबद्दल खूप सांगितलं होतं. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांची पानं काठोकाठ भरलेली असत: पदव्या, बदल्या, बोर्डाचे निकाल. स्वयंपाकघरातल्या आणि लाँड्रीतल्या सिस्टरांची अर्धी. साधी, प्रार्थनाशील, कष्टाळू, सदैव हसतमुख, आणि खाली कोरा कागद.

"मेल्यावर समद्याच हसतमुख," आत्या म्हणायची. "जित्तेपणी त्यातली एक मला हसून म्हणली न्हाई, का बाई आज लय कपडे पडले."

जानेवारीत सुपिरिअरचा, म्हणजे त्या घराच्या प्रमुख सिस्टरचा, मला फोन आला. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत होतं. मी ते मराठीत लिहिते आहे.

"तुम्ही लिहिण्याच्या क्षेत्रात आहात ना?" त्यांनी विचारलं.

मी आयटी पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर वापरायच्या सूचना लिहिते. कोणतं बटण दाबल्यावर काय होतं, आणि काहीच झालं नाही तर कुणाला कळवायचं. मी हो म्हटलं.

"मग सिस्टरचं पान तुम्ही लिहाल का? पहिल्या स्मरणदिनाला वाचायचं असतं. आम्ही सगळ्या कॉन्व्हेंटच्या ज्युबिलीत इतक्या अडकलोय. तुम्ही त्या दिवशी जेवायलाच या. पान आधी वाचलं जातं, मग मी विचारते, कुणाला हरकत आहे का. नसेल तर ते तिथेच वहीत हाताने उतरवायचं. हरकत निघाली तर आमचा नेहमीचा मजकूर असतो, तो घालतो."

म्हणजे अकरा जणींपैकी एकीलाही एका मेलेल्या बाईबद्दल वीस-पंचवीस ओळी लिहायला सवड नव्हती. मी तरीही लगेच कबूल झाले. आत्याचं पान भरलेलं असावं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असावं, यापलीकडे मला त्या घराकडून काही नको होतं. नेहमीचा मजकूर तर नकोच होता.

काही तारखा, काही गावांची नावं विचारून घ्यायची म्हणून मी शनिवारी खरडहून, चंदीगडलगतच्या ज्या गावात मी राहते तिथून, बस पकडून गेले. ज्युबिली पंधरा दिवसांवर आली होती आणि आत्याचा स्मरणदिन तिच्या आधी तीन दिवस. लाँड्रीला लागून जी इस्त्रीची खोली होती तिचं त्यांनी वारसा दालन केलं होतं. भिंतीतले इस्त्रीचे प्लग काढून तिथे पांढरा रंग दिला होता. या शहरात जुन्या सरकारी खुर्च्यांनासुद्धा वारसा म्हणतात आणि त्यांच्यासाठी मोर्चेबांधणी होते, त्यामुळे सिस्टरांनीही मागे का राहावं. शाळेची एक माजी विद्यार्थिनी क्युरेटर म्हणून आली होती. चाळिशीची, गळ्यात जाडजूड चांदी, हातात टॅबलेट. ती मला दालन दाखवायला लागली. एक टाइपरायटर होता. एक हार्मोनियम होतं, त्यावर 'सुरांचा प्रवास' अशी पाटी. शाळेची पहिली घंटा होती. छडी कुठे दिसली नाही; त्या शाळेत शिकलेल्या कुणालाही वारसा म्हटल्यावर तीच आधी आठवली असती.

मधोमध काचेच्या पेटीत, पिवळ्या दिव्याखाली, एक कॉफी रंगाची शाल होती. वर आलेल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने ९ हा आकडा घातलेला दिसेल अशी तिची घडी घातली होती. खाली पितळी पट्टीवर इंग्रजीत कोरलं होतं की ही आमच्या संस्थापक मदरची शाल, शुद्ध लोकर, हिच्यावर त्यांनी चंदीगडचे पहिले हिवाळे काढले.

ती शाल मी बारा वर्षांपूर्वी सेक्टर २२ मध्ये विकत घेतली होती.

नोकरीसाठी इथे आले त्याच हिवाळ्यातली गोष्ट. दुकानदार म्हणाला होता, "प्योर वूल है जी, पक्का." मी पुस्तकांत वाढलेली; कुणी छातीवर हात ठेवून काही सांगितलं की विश्वास ठेवायची. आत्याने शाल दोन बोटांत धरून चोळली.

"लोकर न्हाई ही," ती म्हणाली. "मेणकापड हाय. अंगावरनं काढताना चटचट वाजंल बघ."

"बदलून आणू का?"

"कशाला? मला काय मेंढीशी सोयरीक करायचीय? ऊब हाय ना, मग झालं."

तिला खटकली ती किनार. दोन्ही टोकांना बारीक मोरपंखी वेल होती आणि संघाच्या नियमात नक्षी बसत नाही. ती तिथेच स्टुलावर बसली आणि माझ्याशी गप्पा मारता मारता तिने एकेक धागा ओढून ती सगळी वेल उसवून काढली. त्यामुळे दोन्ही टोकांना कापड विरळ पडलं, शाल एकाच दुपारी जुनाट दिसायला लागली. काचेतल्या शालीची दिसणारी कड तशीच विरळ होती. क्युरेटरने ते वयाचं लक्षण धरलं होतं.

आत्याच्या शेवटच्या हिवाळ्यात ती शाल तिच्या अंगावर नव्हती. तिच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसवरून आली की ती थरथरायची, आणि बाह्या लोंबणारा कुणाचा तरी स्वेटर घालून बसायची. शाल कुठंय, मी विचारलं. "दिली कुणाला तरी," ती म्हणाली. मी दुसरी आणते म्हटलं तर म्हणाली, "आणू नगं. ती बी देईन." तेव्हा मला तिचा रागच आला होता. आता काचेसमोर उभं राहून माझी खात्री पटली की तिने दिली नव्हती. यांनी घेतली होती. एका आजारी बाईच्या अंगावरून शाल उचलून यांनी ती दिव्याखाली ठेवली होती.

"ही कुठे मिळाली?" मी क्युरेटरला विचारलं.

"लाँड्रीतच. अमेझिंग ना? इतकी वर्षं कुणीतरी जपून ठेवली होती. नंबर देखिए, नाइन. फाउंडर मदर का नंबर."

"ही ॲक्रिलिक आहे."

"सॉरी?"

"लोकर नाही. मदर इथे आल्या तेव्हा चंदीगडच्या कुठल्या दुकानात असं कापड मिळत होतं, तेवढं शोधून काढा."

ती समजूतदार हसली. "आप फॅमिली से हैं ना? मैं समझती हूँ. इट्स अ व्हेरी इमोशनल स्पेस."

मी सुपिरिअरच्या खोलीत गेले.

नंबराचं असं आहे. या संघात कपड्यांवर नाव घालत नाहीत. शेवटची व्रतं घेतली की सिस्टरला एक नंबर मिळतो आणि तिच्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात तो लाल दोऱ्याने घालतात. ती वारली की लाँड्रीतली सिस्टर तिचे कपडे उसवते आणि ते कापड घरात कशाकशाच्या कामी लावते. नंबर काही महिने रिकामा राहतो, मग पुढच्या सिस्टरला जातो. संस्थापक मदरचा नंबर नऊ होता. त्या वारल्या तेव्हा आत्या लाँड्रीत नवखी होती. त्याच वर्षी तिची व्रतं झाली आणि रिकामा झालेला नऊ तिला मिळाला. हे सगळं एका रजिस्टरात लिहिलेलं असतं आणि ते रजिस्टर सुपिरिअरच्या पाठीमागच्या कपाटात होतं. दोन वर्षं वारसा शोधत फिरणाऱ्यांपैकी कुणालाही ते उघडावंसं वाटलं नव्हतं. नंबर हाच पुरावा, असं मानायला माणसाला आपल्याच घरात नंबर हात बदलतात हे विसरावं लागतं. तेवढं त्यांनी साधलं होतं.

सुपिरिअरने दोन्ही नोंदी वाचल्या. त्या मंगळूरकडच्या, पासष्टीच्या, हुशार बाई आहेत. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"तुम्ही ही शाल घेतलीत, याची तुम्हाला खात्री आहे?"

"घडी उलगडा. आत शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी होती, आत्याने ती कापली. तिचं नायलॉनचं टोक अजून असेल."

त्या उलगडायला गेल्या नाहीत. रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रविवारी बिशप येणार आहेत, पंधरा दिवसांनी. पट्ट्या दिल्लीहून करून आल्यात."

"पट्टी पितळेची आहे म्हणून मजकूर खरा होत नाही."

"मी तसं म्हणत नाही. मी म्हणते, आत्ता नको. तुम्ही सिस्टरचं पान लिहा. चांगलं लिहा, मोठं लिहा, आम्ही सगळं वाचू. तुमच्या आत्यालाही ते जास्त आवडेल."

मेलेल्या माणसाला काय जास्त आवडेल हे जिवंत माणसांना नेमकं त्यांच्या सोयीच्या वेळी कळतं. मला सरळ सरळ सौदा सांगितला गेला होता: पान घे, शाल सोड. मी उठले. त्या आठवड्यात कंपनीचं काम संपल्यावर रोज बसून मी एक पान लिहिलं. त्यात शाल होती, काच होती, थरथरणं होतं, आणि प्रत्येक वाक्य असं होतं की ते ऐकताना एखादीच्या घशात घास अडकावा. वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्यात आत्या कुठेच नव्हती. तिच्या अडतीस वर्षांपैकी मला जवळून माहीत होते ते शेवटचे चार महिने, आणि बाकी तिने सांगितलेले विनोद.

म्हणून पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले, या वेळी वरच्या मजल्यावर, आजारी सिस्टरांच्या खोलीत. तिथे एकच खाट भरलेली होती. एके काळच्या मुख्याध्यापिका, केरळच्या, नव्वदीला टेकलेल्या, कान आणि डोकं दोन्ही शाबूत; घरात सगळ्या त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. आत्या रोज त्यांचे केस विंचरायला जायची. मुख्याध्यापिका असताना या बाई आत्याशी कधी चार वाक्यं बोलल्या होत्या की नाही मला शंका आहे. खाटेवर पडल्यावर त्यांना लाँड्री आठवली. आत्या मात्र म्हणायची, "म्हातारी ग्वाड हाय. उशिरा पिकली."

मी त्यांना विचारलं, "आत्याची शाल कुणी घेतली?"

"लिया नहीं. उसने दिया."

त्यांच्या हिंदीत सगळं जग पुल्लिंगी आहे. मी म्हटलं, "दिली की द्यायला लावली?"

त्या माझ्याकडे नापास झालेल्या मुलीकडे पाहावं तशा पाहत राहिल्या. मग सांगितलं. मी ते सलग लिहिते आहे; त्यांनी मध्ये दोनदा चहा घेतला.

संस्थापक मदर शेवटी चार-पाच महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी आपल्या पश्चात आपली कुठलीही वस्तू ठेवायची नाही, असं सांगितलं ते तेव्हाच्या सुपिरिअरला नाही, कुणा शिकलेल्या सिस्टरला नाही. चादरी बदलायला येणाऱ्या लाँड्रीतल्या नव्या पोरीला सांगितलं. "हमको बोलता तो हम लिख के रखता," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "फ्रेम कर के. वो जानता था हमको." मदर गेल्या आणि आत्याने त्या आठवड्यात त्यांचं सगळं उसवलं. झग्यांचे बोर्डिंगच्या मुलींसाठी उशांचे अभ्रे झाले. परकरांची फडकी झाली. काळ्या ओढण्यांपासून तिने शाळेच्या फळ्यांसाठी पुसणी शिवली.

"एक साल हम सब मदर से ब्लॅकबोर्ड पोंछा," त्या म्हणाल्या. "तुम्हारा आत्या हँसता था. मेरे को बहुत बाद में बताया."

आणि मग, तीस-पस्तीस वर्षांनी, वारसा समिती आली. शाळेच्या प्राचार्या सिस्टर, ती क्युरेटर, आणखी दोघी. संस्थापक मदरचं काहीतरी हवंच होतं. त्या लाँड्रीत आल्या, फडताळं उपसली, ट्रंका उघडल्या, दर आठवड्याला येऊन तेच प्रश्न विचारू लागल्या. आत्या त्यांना म्हणाली की काही नाही, मदरनेच ठेवू दिलं नाही. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. लाँड्रीतल्या सिस्टरने सांगितलेली गोष्ट कोण लिहून घेतं? चौथ्या खेपेला आत्याने त्यांना शाल काढून दिली.

"मैंने पूछा, ये तो तेरा है. बोला, नौ नंबर का है, रजिस्टर देख लेंगे तो समझ जाएँगे. इनको कुछ दे दो सिस्टर, नहीं तो ढूँढते रहेंगे. फिर इतना हँसा कि खाँसी आ गया."

"थंडी होती," मी म्हटलं. "ती कुडकुडत होती."

"ठंड तो था," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी त्याचं काही समर्थन केलं नाही.

परतताना बसमध्ये मला आधी लाज वाटली आणि मग हसू आलं, आणि दोन्ही नीट होईनात. वर्षभर मी तिला बिचारी समजून रडत होते. तिची शाल काढून घेतली, तिचा चष्मा देऊन टाकला, तिची खोली पांढरी केली, अशी वाढत गेलेली यादी मी मनात घोकत होते. फादर तिला मूक म्हणाले म्हणून मी त्यांना हसले. मी तिला असहाय समजत होते, ते काय वेगळं होतं? तिने रजिस्टर उघडायची पुरेपूर संधी देऊन त्यांना मेणकापड दिलं होतं, आणि त्यांनी ते काचेत ठेवलं होतं. ज्या संघाचा वारसाच मुळी मागे काही न ठेवण्याचा, त्या संघाने दालन बांधलं, आणि त्यातली ही गोष्ट ज्या एका बाईला कळत होती ती त्या दालनात आयुष्यभर इस्त्री करत उभी होती.

मी पहिलं पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. त्यात शाल घातली नाही. ती कुठे जन्मली, सातवीनंतर शाळा का सुटली, कुणाचा विरोध असताना संघात आली, पाण्याची टाकी फुटली त्या उन्हाळ्यात तिने शेजारच्या सेक्टरमधल्या धोब्यांशी कसं जमवलं, कुणाकुणाचे केस विंचरले. तिचे दोन विनोद, सौम्य करून. आणि मध्यावर एक वाक्य: संस्थापक मदर वारल्यावर त्यांनी सांगितल्याप्रमाणे हिने त्यांचे सगळे कपडे उसवून घरकामाला लावले आणि त्यांची एकही वस्तू मागे ठेवली नाही.

सुपिरिअरने पान वाचलं आणि त्यांची पेन्सिल त्या वाक्यापाशी थांबली.

"हे..."

"खरं आहे. वर विचारा."

"मी वर विचारून आलेय." म्हणजे त्यांनी माझ्यामागून चौकशी केली होती, तेवढा मान मी त्यांना देते. "बाकी पान सुंदर आहे. हे एक वाक्य काढलं तर कुणी हरकत घेणार नाही. राहिलं तर घेतील. मग तुमच्या हाती नेहमीचा मजकूर येईल. अर्धं पान."

"तेच वाक्य तिचं आहे. बाकी कुणाचंही असू शकतं."

"त्याऐवजी तिच्या हसण्याबद्दल काही लिहिता येईल."

"ती कशाला हसायची ते याच वाक्यात आहे, सिस्टर."

त्यांनी पान खणात ठेवलं. "मी प्रार्थना करून पाहते," त्या म्हणाल्या. सिस्टरांच्या भाषेत याचा अर्थ बहुतेक वेळा नकार असाच असतो.

स्मरणदिनाला संध्याकाळी सात वाजता मला जेवणघराच्या टोकाला, मोठ्या सिस्टरांच्या चाकाच्या खुर्चीशेजारी बसवलं. राजमा, भात, मुळ्याचं लोणचं. प्रार्थना झाली, भांड्यांचे आवाज सुरू झाले. त्या आठवड्यात वाचायची पाळी एका तरुण सिस्टरची होती. तरुण म्हणजे पन्नाशीची, तिथे तेच वय तरुण. सुपिरिअरने तिला हाताने बसायची खूण केली आणि स्वतः कागद घेऊन उभ्या राहिल्या.

त्या शाळेत इतिहास शिकवत. वाचनही तसंच: सपाट, स्पष्ट, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत. आमच्या गावाचं नाव त्यांनी चुकीचं उच्चारलं. टाकीच्या गोष्टीला एक-दोघी हसल्या. मी भात नुसताच चिवडत होते. वाक्य जवळ येत होतं आणि ते त्या गाळणार की नाही हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळेना. त्यांनी ते वाचलं. वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. दोन-तीन चमचे थांबले आणि पुन्हा चालू झाले. प्राचार्या सिस्टरांचा चमचा थांबला तो थांबलाच.

पान संपलं. सुपिरिअर म्हणाल्या, "कुणाला हरकत आहे?"

"मला आहे," प्राचार्या म्हणाल्या. "मदरच्या कपड्यांबद्दलचं वाक्य. असं काही घडल्याची नोंद नाही. आणि येत्या रविवारी ते गैरसमज पसरवणारं ठरेल."

"नोंद नाही," सुपिरिअर म्हणाल्या. त्यांनी एवढंच म्हटलं आणि त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. त्या माझ्या बाजूने बोलणार नव्हत्या. पण घंटीलाही त्यांनी हात लावला नव्हता.

पाहुण्यांना तिथे बोलायची मुभा नसते. मी बोलणार होते तरीही, आणि बोलले असते तर पान नक्की गेलं असतं. माझ्या शेजारून भांड्यावर चमचा आपटल्याचा आवाज झाला.

"नोंद क्या चाहिए," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मैं उससे बोर्ड पोंछा. आठवीं क्लास में. तुम सामने बैठता था."

प्राचार्या सिस्टर त्याच शाळेत शिकलेल्या होत्या. त्यांचं तोंड लाल झालं. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि दहा बायकांनी एकाच वेळी कुणाकडे तरी न पाहणं हे बघण्यासारखं असतं.

"सिस्टर, ती पुसणी आम्हीसुद्धा वापरली असतील," एक जण हळूच म्हणाली.

"वापरलीच," दुसरी म्हणाली. "चांगली होती. खडू उडायचा नाही."

"हरकत कायम आहे?" सुपिरिअरने विचारलं.

प्राचार्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळण्याआधी सुपिरिअरने घंटी वाजवली. लगेच सगळ्या एकदम बोलायला लागल्या, राजम्यात मीठ कमी असल्याबद्दल आणि रविवारच्या मांडवाबद्दल. कुणीतरी प्राचार्यांकडे लोणचं सरकवलं. शालीबद्दल एक शब्द निघाला नाही. ती काचेतच राहिली, पट्टीसकट. बिशपनी तिच्यासमोर फोटोही काढून घेतला असं मला नंतर कळलं. मला त्याचं आता फारसं वाटत नाही. ज्यांना कळायचं त्यांना त्या जेवणात कळलं होतं, आणि बाकीच्यांसाठी ते कापड बरोबर होतं.

टेबलं पुसून झाल्यावर सुपिरिअरने कपाटातून वही आणली आणि माझ्यासमोर ठेवली. तुम्हीच उतरवा, म्हणाल्या. आधीचं पान एका स्वयंपाकीण सिस्टरचं होतं, आठ ओळींचं. मी शाईचं पेन घेऊन आत्याचं नाव लिहिलं आणि एकेक वाक्य उतरवायला लागले. मोठ्या सिस्टरांना वर न्यायला कुणी आलं नव्हतं. त्या खुर्चीतून माझ्या हाताकडे पाहत होत्या.

"लंबा हो गया," त्या म्हणाल्या. "इतने में वो दो चादर इस्त्री करता."

"हो," मी म्हटलं, आणि लिहीत राहिले. शेवटची ओळ पानाच्या तळाशी अक्षर बारीक करून बसवावी लागली.